वाचक नावाचा धोका

मराठी माणसांची सहल निघायची तर तीन प्रश्न आधी सुटावे लागतात : जेवण कुठे, बाथरूम कुठे आणि पायऱ्या किती. बघायचं काय, हा चौथा प्रश्न बस शहराबाहेर पडल्यावर कुणीतरी सहज विचारतं आणि त्याचं उत्तर मिळालं नाही तरी कुणाचं काही अडत नाही. इंग्लंडच्या मिडलंड्स भागातलं आमचं मराठी मंडळ या बाबतीत मातृभूमीशी पूर्ण इमान राखून आहे.

उन्हाळ्यात मंडळ फुगतं. मे महिन्यापासून भारतातून आई-वडील, सासू-सासरे यायला लागतात. त्यांना सहा महिने राहायची मुभा असते आणि बघण्यासारखं सगळं पहिल्या तीन आठवड्यांत बघून झालेलं असतं. लंडन होतं, राजवाडा बाहेरून होतो, स्टोनहेंज होतं ("एवढ्या दगडांना एवढं तिकीट? आमच्याकडे हेमाडपंती देऊळ फुकट, वर प्रसाद"). मग उरतात नातवंडांच्या शाळेचे फेरे आणि डिशवॉशरमध्ये कढई कशी लावायची यावरून सुनेशी धरलेले अबोले. अशा वेळी मंडळ सहल काढतं. पत्रकात हेतू 'स्थळदर्शन' असा छापलेला असला तरी खरा हेतू गृहशांती हाच असतो.

यंदा सेक्रेटरीनं लिंकनचं कॅथीड्रल सुचवलं. इथवर ठीक होतं. पण तिथली जुनी ग्रंथालयं खास वेळ ठरवून बघायची आहेत, असं ती म्हणाली तेव्हा सभा जरा गार पडली.

"ग्रंथालय बघायला जायचं?" खजिनदारांनी विचारलं. "म्हणजे आत बसून वाचायबिचायचं नाही ना?"

"वाचायचं नाही. हातसुद्धा लावायचा नाही."

"मग हरकत नाही," खजिनदार म्हणाले आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

लिंकनचं कॅथीड्रल टेकडीच्या माथ्यावर आहे आणि बसनं आम्हांला सोडलं ते टेकडीच्या पायथ्याशी. वर जाणाऱ्या रस्त्याचं नाव स्टीप हिल, आणि नाव ठेवणाऱ्यानं त्यात काही अतिशयोक्ती केलेली नाही. पुण्याच्या अप्पांनी "रोज पर्वती चढणाऱ्याला हे काय सांगता" असं जाहीर करून पहिल्या वळणापर्यंत आघाडी घेतली आणि तिथे एका चहाच्या दुकानासमोर 'मागच्यांना येऊ द्या' म्हणून उभे राहिले. मागचे आले, पुढे गेले, तरी अप्पा मागच्यांची वाट बघतच होते.

माथ्यावर पोचलं की मात्र दम लागल्याचं सार्थक होतं. बांधकामाला सुरुवात झाली १०७२ साली, ११८५ च्या भूकंपात बरंचसं पडलं, पुढे ते पुन्हा आणि आणखी थोरलं उभं राहिलं. १३११ च्या सुमारास मधल्या मनोऱ्यावर असा उंच कळस चढवला की गीझाच्या पिरॅमिडला मागे टाकून ही जगातली सर्वांत उंच इमारत ठरली, असं मानतात. १५४८ साली तो कळस वादळात कोसळला आणि पुन्हा कुणी चढवला नाही.

"पावणेपाचशे वर्षं झाली," खजिनदार वर बघत म्हणाले. "वर्गणी जमत नसणार." एका खजिनदाराचं दुःख दुसरा खजिनदारच जाणतो.

ग्रंथालय दाखवणाऱ्या बाई निवृत्तीनंतर हौसेनं हे काम करणाऱ्यांपैकी होत्या. आवाज मऊ, पायांत रबरी तळव्याचे बूट, आणि माणसं मोजायची नजर शाळेच्या मुख्याध्यापिकेची. वरची खोली लहान आहे, म्हणून दोन तुकड्यांत यावं लागेल, एवढंच त्या म्हणाल्या. इंग्रजांना हे वाक्य म्हणजे साधी सूचना वाटते. मराठी गटात ती फाळणी असते. पहिल्या तुकडीत गेलं तर दुसऱ्या तुकडीला काहीतरी जास्तीचं दाखवतील अशी शंका, दुसऱ्या तुकडीत राहिलं तर तोवर चहाची वेळ निघून जाण्याची भीती. एक जावई पहिल्या तुकडीत होते म्हणून त्यांचे सासरे दुसरीत गेले. नाशिकच्या दोन विहिणी एकमेकींचा हात धरून 'आम्ही एकच आहोत' म्हणाल्या. एवढी जवळीक लग्नातसुद्धा दिसली नव्हती.

मग नियम. पिशव्या खाली ठेवा. पेन चालणार नाही, लिहायचंच असेल तर पेन्सिल. पाण्याची बाटली नको. खायचं काही असेल तर तेही इथेच ठेवा. या शेवटच्या नियमाबरोबर कॅथीड्रलच्या दगडी ओवरीत चिवडा, खाकरा, शंकरपाळे, दोन प्रकारच्या वड्या आणि प्रवासात लागतो म्हणून आणलेला मोरावळा असा ऐवज जमा झाला. बाईंनी तो बघून एकदा डोळे मिटले. खाण्याचे कण सांडले की किडे येतात आणि किड्यांना पुढे कागदाची गोडी लागते, असं त्यांनी समजावलं.

"कसर!" माई म्हणाल्या. माई म्हणजे सेक्रेटरीच्या सासूबाई, मूळच्या साताऱ्याच्या. "यांना म्हणावं, कपाटात वेखंड ठेवा. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला. आमच्या मामंजींच्या पोथ्यांना शंभर वर्षांत भोक पडलं नाही."

सूनबाईनं भाषांतर केलं. बाईंनी वेखंड कसं लिहायचं ते विचारून, पेन्सिलीनं, वहीत टिपून घेतलं. त्या क्षणापासून माई स्वतःला त्या ग्रंथालयाच्या सल्लागार समजू लागल्या.

अरुंद जिना चढून वर गेलो. १४२० च्या दशकात बांधलेलं हे मध्ययुगीन ग्रंथालय एकेकाळी बरंच लांब होतं. १६०९ साली आग लागली आणि त्याचे तीनच खण शिल्लक राहिले. वर जुन्या लाकडाचं छत, खाली उतरत्या माथ्याची, दोन्ही बाजूंनी वाचता येतील अशी जुनी ओकची मेजं. वाचणारा इथे पुस्तक घेऊन आपल्या जागी जात नसे. पुस्तक आपल्या जागी असे आणि वाचणारा त्याच्याकडे जात असे. कारण पुस्तकाला साखळी होती.

साखळी म्हणजे अगदी लोखंडी साखळी. एक टोक पुस्तकाच्या फळीला, दुसरं मेजावरच्या गजाला. तेराव्या-चौदाव्या शतकापासून पुढे कितीतरी वर्षं युरोपातल्या मोठमोठ्या ग्रंथालयांत हीच पद्धत होती. जिथे पुस्तकं कपाटात उभी ठेवत, तिथे साखळी पानांच्या बाजूला अडकवत, म्हणून पुस्तकाची पाठ आत आणि पानं बाहेर. हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये असा साखळबंद संग्रह अजून आहे.

"एवढा बंदोबस्त कुणासाठी?" अप्पांनी विचारलं. "दरोडेखोर पुस्तकं न्यायचे?"

"छे," बाई गोड हसून म्हणाल्या. "वाचक न्यायचे."

इथे मला त्या ग्रंथालयाचं मर्म कळलं. आपण समजतो की पुस्तकांचे शत्रू म्हणजे आग, पाणी, वाळवी आणि न वाचणारी पिढी. जुने ग्रंथपाल शहाणे होते. त्यांना ठाऊक होतं, की न वाचणारा माणूस ग्रंथाला कधीही धक्का लावत नाही. तो त्याच्यावरून धूळसुद्धा हलवत नाही. धोका असतो तो वाचणाऱ्याचा. तो पान दुमडतो, समासात लिहितो, 'दोन दिवसांत देतो' म्हणतो आणि दोन शतकं देत नाही. एकट्या लिंकनमध्ये याचे इतके पुरावे आहेत, की कोर्टात वाचकाला जामीन मिळणार नाही.

पहिला पुरावा थोरल्या बायबलचा. बाराव्या शतकातली ही हस्तलिखित पोथी कॅथीड्रलच्या संग्रहातली सर्वांत मानाची. तिच्यातच त्या काळच्या संग्रहाची यादी लिहून ठेवली आहे : हामो नावाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात दिलेले ४२ ग्रंथ आणि जगाचा एक नकाशा. चार्ज देताना-घेताना यादी करायची ही चाल ऐकून सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या अप्पांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. "बायबलचे दोन खंड आहेत," बाई पुढे म्हणाल्या. "पहिला आमच्याकडे. दुसरा केंब्रिजला, ट्रिनिटी कॉलेजात."

"कुणीतरी वाचायला नेला असेल," माई म्हणाल्या. "दुसराच खंड नेतात मेले."

जुने लेखक-लेखनिक वाचकाला ओळखून होते, इकडचे आणि तिकडचेही. इंग्लंडातल्या मठांमध्ये ग्रंथ चोरणाऱ्याला शेवटच्या पानावर कडकडीत शाप लिहून ठेवलेला असे. आपल्याकडच्या पोथ्यांच्या शेवटी बहुधा शाप नसतो, विनवणी असते : मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधू नका आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. अप्पांनी ती विनवणी संस्कृतात म्हणून दाखवली आणि 'मूर्ख' शब्दाशी थांबून आपल्या जावयाकडे पाहिलं. जावई छत बघत होते.

एका बाजूला बाईंनी तबकात काही जिनसा मांडल्या होत्या. पीस, चामड्याचा तुकडा, बाटलीत हिरवट खडे, डिंकाचे मणी आणि सुपारीएवढी, अंगावर पुटकुळ्या असलेली तपकिरी फळं. मध्ययुगात शाई कशी करत ते दाखवण्यासाठी. ओकच्या फांदीला एक बारीक गांधीलमाशी टोचून अंडं घालते, झाड त्याभोवती ही गाठ धरतं, गाठीत तुरट रस साठतो. ती कुटून भिजवायची, हिरवा खडा घालायचा, चिकटपणाला डिंक. की काळीकुळकुळीत शाई तयार. अलेप्पोकडून येणाऱ्या फळांना त्या काळी फार मान होता, वगैरे. बाईंनी एक फळ माईंच्या तळहातावर ठेवलं.

माईंनी ते अंगठ्यानं फिरवून पाहिलं. नखानं किंचित खरवडलं. नाकाशी नेलं. मग जिभेच्या टोकाला लावायला निघाल्या तेव्हा सूनबाई ओरडल्या, "आई, ते म्युझियमचं आहे!"

"म्युझियमचं कसलं, हे मायफळ आहे," माई म्हणाल्या. "बाळगुटीतलं. पोराला जुलाब लागले की दोन वेढे जास्त द्यायचे. सहाण आहे का म्हणावं यांच्याकडे? आणि हा हिरवा खडा म्हणजे हिराकस." मग सगळ्या बायका पुढे सरकल्या. मुरुडशेंग, हळकुंड, वेखंड, जायफळ. कुणाच्या नातवाला किती वेढे आणि कुणाच्या पोराला गुटी न दिल्यामुळे आजवर काय काय झालं. बाई थक्क होऊन ऐकत होत्या. एकाच फळानं इकडे धर्मग्रंथ लिहिले आणि तिकडे पोरांची पोटं बांधली, ही माहिती त्यांच्या पाठ केलेल्या भाषणात नव्हती.

चामड्याच्या तुकड्यापाशी मात्र सहल थोडी अडखळली. नाशिकच्या थोरल्या विहीणबाई तो तुकडा बोटांत धरून "किती मऊ ग" म्हणत होत्या, तेवढ्यात बाईंनी सांगितलं, की या पोथ्या अशा खास तयार केलेल्या कातड्यावर लिहीत, आणि एका थोरल्या बायबलसाठी वासरांचा अख्खा कळपच्या कळप लागे. सेक्रेटरी भाषांतर करत होती. एक क्षण थांबून ती म्हणाली, "मेंढ्या. मेंढ्या लागायच्या." मेंढीचं कातडंही वापरत, त्यामुळे ती खोटं बोलली असं नाही. पण इंग्रजी बरं समजणाऱ्या धाकट्या विहीणबाईंनी थोरलीच्या हातातून तो तुकडा हळूच काढून तबकात ठेवला आणि 'मग सांगते' अशी मान हलवली.

पुण्याच्याच एका वहिनींनी पर्समधून लोकरी हातमोजे काढून "हे घालून पानं उलटू का?" असं विचारलं. सिनेमात पांढरे मोजे घालतात, हे त्यांनी पाहिलं होतं. बाई म्हणाल्या, आता तसं करत नाहीत. मोज्यांनी बोटांची जाण जाते आणि पान फाटतं. हात स्वच्छ धुऊन कोरडे केले की पुरे. वहिनी लगेच हात धुऊन यायला निघाल्या. त्यांना अडवण्यात आलं.

जुन्या ग्रंथालयाच्या पलीकडे गेलं की एकदम उजेडात आल्यासारखं होतं. लांबलचक सरळ दालन, ओळीनं खिडक्या, भिंतभर कपाटं. खाली खांबांची रेखीव ओवरी. हे दुसरं ग्रंथालय ख्रिस्तोफर रेन यांनी आखलेलं. लंडनचं सेंट पॉल्स बांधणारे ते हेच. ओवरीची उत्तरेची बाजू पडली होती, ती जागा मिळाली. बाई माहिती देऊ लागल्या, "या बांधकामाला सुरुवात झाली सोळाशे चौऱ्याहत्तर साली..."

"राज्याभिषेक!"

हा शब्द आम्ही सगळ्यांनी एकदम उच्चारला. इंग्लंडात जन्मलेल्या, मराठीत फक्त 'नको' म्हणणाऱ्या पोरांनीसुद्धा. बाई दचकून कपाटाला टेकल्या. अप्पा पुढे झाले. ६ जून १६७४, रायगड, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, गागाभट्ट, होन, सगळं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. "तुमचा माणूस होता तिथे. हेन्री ऑक्झिंडेन. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील. नजराणा घेऊन आला होता."

"आमच्या बाजूनं कुणीतरी हजर होतं, हे बरं झालं," बाई म्हणाल्या.

"आम्ही बसायला जागा दिली होती," अप्पांनी सांगितलं.

तिथून पुढे बाईंच्या तोंडून निघालेलं प्रत्येक साल रायगडाच्या हिशेबानं मोजलं जाऊ लागलं. १६०९ ची आग? महाराजांच्या जन्माआधी एकवीस वर्षं. ग्रंथालय बांधणारे डीन मायकेल हनीवुड वारले १६८१ साली? महाराजांच्या मागोमाग, दीड वर्षात. बाईंनी हळूहळू सालं सांगायचंच सोडून दिलं.

हे हनीवुड मोठे ग्रंथवेडे. इंग्लंडात राजाचं डोकं उडवून पार्लमेंटचं राज्य आलं, त्या काळात ते हॉलंडात परागंदा होते. माणसं परागंदा झाली की काळजी करतात; यांनी पुस्तकं जमवली. राजेशाही परत आल्यावर १६६० साली ते लिंकनचे डीन झाले, हजारो पुस्तकं बरोबर आणली आणि ती ठेवायला स्वतःच्या पैशानं हे दालन बांधलं. खर्च सुमारे ७८० पौंड. "स्वतःच्या खिशातून?" खजिनदारांनी तीनदा खात्री करून घेतली आणि मग त्या दिशेला बघून नमस्कार केला.

पण आमच्या गटानं मनावर घेतलं ते डीनसाहेबांना नव्हे, त्यांच्या आजीला. मेरी हनीवुड १६२० साली वयाच्या ९३ व्या वर्षी वारल्या तेव्हा त्यांची १६ मुलं, ११४ नातवंडं, २२८ पंतवंडं आणि ९ खापरपंतवंडं अशी ३६७ माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर जन्मलेली होती. धाकट्या विहीणबाईंनी बेरीज करून पाहिली, जमली. या आजीनं एकदा आपल्या दोनशे वंशजांना एका पंगतीला जेवू घातलं आणि त्या पंगतीला आपण होतो, असं डीन हनीवुड सांगत.

"दोनशे पानं," माई म्हणाल्या. "आणि वाढपी कोण?"

आजींना मधेच एकदा घोर निराशेचा झटका आला होता. आपल्याला मुक्ती नाही असं त्यांनी घेतलं. समजूत घालायला आलेल्या धर्मगुरूसमोर त्यांनी व्हेनिसचा नाजूक काचेचा पेला उचलला आणि 'हा जसा नक्की फुटेल तशी मी नक्की नरकात जाईन' अशा अर्थाचं बोलून जमिनीवर आपटला. पेला उडाला आणि अखंड राहिला. "सोळा बाळंतपणं झाल्यावर कुणीही पेले आपटेल," माई म्हणाल्या. बाईंना याचं भाषांतर कळल्यावर त्या पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या, आणि त्या दालनात मोठ्यानं हसायचं नाही हा नियम आमच्यामुळे नव्हे तर त्यांच्यामुळे मोडला, याची नोंद खजिनदारांनी घेतली.

आता वाचकाविरुद्धचा दुसरा पुरावा. हनीवुडांच्या संग्रहात इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याची छापील पुस्तकं होती. ती दीडशे वर्षं कपाटात सुखानं बसून राहिली, कारण तिकडे कुणी फिरकत नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे टॉमस डिब्डिन नावाचे गृहस्थ पोचले. हे स्वतः धर्मोपदेशक, ग्रंथवेडावरच पुस्तक लिहिलेले, आणि अर्ल स्पेन्सर या धनाढ्य संग्राहकाचे हस्तक. पुस्तकावर यांच्याइतकं प्रेम करणारा माणूस त्या काळात शोधून सापडला नसता. त्यांनी त्या प्रेमापोटी कॅथीड्रलच्या कारभाऱ्यांना पटवलं, पाचशे गिनी मोजल्या आणि निवडक दुर्मीळ पुस्तकं गाडीत घालून नेली. स्पेन्सरांचा संग्रह पुढे मँचेस्टरला गेला. १६०९ च्या आगीला पुस्तकातलं कळत नव्हतं; समोर येईल ते तिनं जाळलं. डिब्डिनना कळत होतं, म्हणून त्यांनी नेमकी उत्तम तेवढी उचलली.

"रद्दीवाल्याला आपण वजनावर देतो," अप्पा हळहळून म्हणाले. "यांनी निदान निवडून दिली."

बचाव पक्षाचंही ऐकलं पाहिजे. बाईंनी थॉर्नटनच्या हस्तलिखिताची हकिकत सांगितली. पंधराव्या शतकात यॉर्कशरमध्ये रॉबर्ट थॉर्नटन नावाचा एक जमीनदार होता. तो ना पंडित, ना धंदेवाईक लेखनिक. जे हाती लागेल आणि आवडेल ते घरच्यांसाठी उतरवून ठेवायचा : शूरांच्या कथा, प्रार्थना आणि शेवटी डोक्यापासून पायापर्यंतच्या दुखण्यांवरची औषधं. त्याची एक वही लिंकनला आली. आर्थर राजाच्या मृत्यूवरचं एक थोरलं जुनं इंग्रजी काव्य आज जगात फक्त त्या वहीत उरलं आहे. मूळ प्रत गेली, वाचणाऱ्यानं हौसेनं केलेली नक्कल राहिली.

हे ऐकून गोव्याच्या काकू पुढे सरसावल्या. त्यांचं म्हणणं, की इंग्रजांनी आमच्या मराठीचं ऋण मानावं तेवढं थोडं. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्याला आला आणि त्यानं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण मराठीत रचलं. ते १६१६ साली राशोलला छापलं, तेही रोमन लिपीत. "आणि त्या पहिल्या छपाईची एक प्रत सापडत नाही," काकू म्हणाल्या. "लोकांनी म्हणून म्हणून संपवली. पण हातानं उतरवून ठेवली होती, म्हणून पुराण राहिलं."

म्हणजे वाचक पुस्तक खातो आणि मजकूर जगवतो, असा काहीसा निकाल द्यावा लागेल. माईंना मात्र एवढ्या तत्त्वज्ञानाशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी विचारलं, की त्या थॉर्नटनच्या वहीत गुडघेदुखीवर काय दिलंय, आणि त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर मिळेल का.

निघता निघता बाईंनी आमच्यासाठी राखून ठेवलेली गंमत सांगितली. हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये वासराच्या (सेक्रेटरी : "मेंढीच्या") एका अख्ख्या कातड्यावर काढलेला १३०० च्या सुमाराचा जगाचा नकाशा आहे. तो काढवणारा म्हणून ज्याचं नाव त्यावर आहे तो रिचर्ड, याच लिंकनच्या मुलखातला. नकाशात लिंकन मोठ्या बारकाईनं दाखवलंय : टेकडीवर कॅथीड्रल आणि खाली नदीकडे उतरणारा रस्ता. त्या नकाशात पूर्व दिशा वर, म्हणून हिंदुस्थान अगदी माथ्याकडे, स्वर्गाच्या शेजारी. इथपर्यंत सगळे खूष होते. आणि त्या हिंदुस्थानात, बाई म्हणाल्या, एकच पाय असलेला माणूस आहे. ऊन लागलं की तो पाठीवर आडवा होतो आणि आपलं थोरलं पाऊल छत्रीसारखं डोक्यावर धरतो.

"हे कुणी बघून काढलं?" जावयांनी विचारलं.

"कुणीच नाही. सगळं पुस्तकांत वाचून."

तिसरा पुरावा आपोआप मिळाला.

खाली आल्यावर ओवरीतला ऐवज परत ताब्यात घेतला आणि बाहेर हिरवळीवर बसून मोजून संपवला. बाईंनाही बोलावलं. शंकरपाळे खाता खाता त्या म्हणाल्या, की असा गट क्वचित येतो. विद्वान मंडळी आली की फार जपावं लागतं. हे काढा, ते उघडा, हे पान चुकीचं वाचलंय. "तुम्ही एकदाही पुस्तक उघडायला सांगितलं नाहीत." हे कौतुक होतं, यात शंका नाही. आम्ही ते कौतुक म्हणूनच घेतलं.

या सहलीचा खोल परिणाम मंडळाच्या पुढच्या सभेत दिसला. मंडळाचंही एक ग्रंथालय आहे. एका सदस्याच्या गॅरेजमध्ये, गवत कापायच्या यंत्राशेजारी, दोन कपाटं. दिवाळी अंक आहेत, पण ज्यांतली राशिभविष्याची पानं आहेत असे थोडे. तीन खंडांच्या कादंबरीचा पहिला आणि तिसरा खंड आहे. पाककृतींची पुस्तकं कुणाकडे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच घरी जेवायला जायचं असतं म्हणून कुणी बोलत नाही. सेक्रेटरीनं सूचना मांडली, की पुस्तकांना साखळ्या घालाव्यात.

"साखळी घातल्यावर पुस्तक घरी कसं न्यायचं?" एकानं विचारलं.

"न्यायचं नाही म्हणूनच साखळी."

"मग वाचायचं कुठे?"

"गॅरेजमध्ये."

"थंडीत गॅरेजमध्ये येऊन वाचणार कोण?"

सभेनं एकमेकांकडे पाहिलं. कोणीच नाही, हे उघड होतं. आणि कोणीच वाचलं नाही तर संग्रह आणखी सहाशे वर्षं सहज टिकेल, हेही लिंकनला जाऊन आल्यामुळे सगळ्यांना कळत होतं. माईंनी वेखंड देण्याचं कबूल केलं. खजिनदारांनी साखळ्यांचा खर्च ऐकून सुचवलं, की एवढ्यासाठी लोखंड कशाला, गॅरेजची किल्लीच हरवून टाकू. ही उपसूचना टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. ग्रंथालय गटानं बघायला कधी यायचं, आणि त्या दिवशी जेवण कुठे, यावर चर्चा सुरू आहे.